डब्यांवरच्या चिठ्ठ्या

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारे गृहस्थ ६१ वर्षांचे आहेत. ३६ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी फिरतीची. निवृत्त होऊन सात महिने झाले. मुलं आपापल्या संसारात, घरी आता दोघंच. पत्नी ५९ वर्षांची. तिने बाहेर नोकरी केली नाही, घर सगळं तिनेच सांभाळलं. ‘निवृत्त झालो की सगळं एकत्र करू’ असं हे कायम म्हणत आले आणि आता ते मनापासून करायला निघालेत. त्यांनी स्वयंपाकघरातले डबे नव्याने लावले, प्रत्येक डब्यावर टाइप केलेली चिठ्ठी चिकटवली, फ्रिजच्या दारावर दिवसाचं वेळापत्रक लावलं. पत्नी काहीच बोलली नाही. चार दिवसांनी यांनी सहज एक डबा उघडला, तर चिठ्ठीवर एक आणि आत भलतंच. मग सगळे डबे उघडून पाहिले. चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या, आतलं सामान मात्र तिने आपल्या जुन्या क्रमाने परत भरलं होतं. ती रोज संध्याकाळी मैत्रिणींबरोबर फिरायला जाते. यांनी ‘मीही येतो’ म्हटल्यापासून अर्धा तास लवकर निघते. दुपारी खिडकीशी बसलेली असते. ‘काय करतेस?’ विचारलं की ‘काही नाही’. हाक मारली तर पुष्कळदा ओ देत नाही. ते विचारतात: ‘मला फक्त तिला मदत करायची आहे आणि तिच्यासोबत राहायचं आहे. हे तिला कसं पटवून देऊ? की इतक्या वर्षांत तिला माझ्याशिवाय राहायची सवय झाली आणि आता मी नकोसा झालोय?’

उत्तर:

डब्यांचा प्रसंग मी दोनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, त्याबद्दल माफ करा. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या डब्यांतच आहे. तुमच्या पत्नीने चिठ्ठ्या फाडल्या नाहीत, त्या भांडल्या नाहीत. तुम्ही खपून केलेलं काम वरून तसंच ठेवलं आणि आतून आपलं घर पूर्ववत करून घेतलं. जिला नवरा नकोसा झालाय ती बाई एवढा खटाटोप करत नाही. ती ‘हे काय करून ठेवलंत!’ म्हणून मोकळी होते.

स्वयंपाक करताना त्या डबा कसा काढतात, हे एकदा लांबून पाहा. मान वळत नाही. नजर गॅसवर असते, डावा हात मागे जातो आणि बोटं नेमकी हव्या त्या झाकणावर टेकतात. हे त्यांनी पाठ केलेलं नाही, हाताला बसलेलं आहे. अशा हाताला चिठ्ठीचा काय उपयोग? चिठ्ठी लागते नवख्याला. घर तुम्हाला वाचता येत नव्हतं, ते वाचता यावं म्हणून तुम्ही चिठ्ठ्या लावल्यात. त्यात गैर काहीच नाही. त्याला ‘मदत’ म्हणालात, तिथे घोळ झाला.

नोकरीत असताना तुमच्या विभागात कधीतरी नवा साहेब बदलून आला असेल. नवा गडी, नवं राज्य. पहिल्याच आठवड्यात कपाटं हलली, फायलींचे क्रमांक बदलले, भिंतीवर नवा तक्ता आला. तेव्हा तुम्ही काय केलंत? बहुतेक हेच, की तोंडाने ‘हो साहेब’ आणि आपली जुनी वही ड्रॉवरमध्ये. कामं त्या वहीवरच चालली असणार. आता जरा उलट बाजूने बघा. तुमच्या घरात गेल्या सात महिन्यांपासून एक नवा साहेब आलाय. तो दिवसभर जागेवर असतो, त्याला जेवणाच्या सुट्टीतही बाहेर जायचं नसतं आणि त्याची बदली होण्याची शक्यता नाही.

माझे वडील निवृत्त झाले तेव्हा पहिल्या महिन्यात त्यांनी घरातला प्रत्येक स्क्रू आवळला. दुसऱ्या महिन्यात आवळायला काही उरलं नाही, तेव्हा ते आईकडे वळले. आईने वर्षभर सोसलं आणि एक दिवस शांतपणे विचारलं, ‘तुम्हाला पुन्हा कुठे ठेवून घेतील का हो?’ आम्ही भावंडं हसलो होतो. वडील हसले नव्हते. तुमचं पत्र वाचताना त्यांचा तो चेहरा आठवला, म्हणून हे तुमची थट्टा करायला लिहीत नाहीये.

निवृत्ती हा जाणाऱ्याच्या आयुष्यातला बदल आहे असं आपण धरून चालतो. १९६७ साली टॉमस होम्स आणि रिचर्ड राही या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यात ताण आणणाऱ्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, लग्नाला ५०, निवृत्तीला ४५. म्हणजे निवृत्त होणं जवळजवळ लग्न करण्याइतकं उलथापालथीचं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या मूळ यादीत बायकोने नोकरी धरली किंवा सोडली तर नवऱ्यासाठी २६ गुण होते. नवरा निवृत्त होऊन घरी आला तर बायकोला किती, यासाठी मात्र ओळच नव्हती. ती उणीव १९९१ मध्ये जपानमधल्या एका डॉक्टरांनी भरून काढली असं म्हणता येईल. नोबुओ कुरोकावा यांच्याकडे डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, निद्रानाश घेऊन येणाऱ्या मध्यमवयीन आणि वयस्क स्त्रियांमध्ये एक समान धागा होता, तो म्हणजे नवरा आता दिवसभर घरी असतो. त्यांनी या त्रासाला नावच देऊन टाकलं. त्याचा साधारण अर्थ ‘नवरा घरी असल्याने येणारा ताण’ असा होतो.

हे नवरे वाईट होते असं नाही. त्यातले कितीतरी तुमच्यासारखे प्रेमळही असतील. पण प्रेमळ माणूससुद्धा अकरा वाजता दारात उभा राहून ‘आज जेवायला काय?’ विचारतो, तेव्हा समोरच्या बाईच्या दिवसाला एक जास्तीची घंटा लागते.

आता तुमच्या प्रश्नातला ‘पटवून देऊ’ हा शब्द. तुम्हाला मदत करायची आहे हे त्यांना समजलेलं नाही, असं तुम्ही गृहीत धरलंय. त्यांना ते पुरतं समजलंय हो! प्रश्न असा आहे की वेळापत्रक करण्याआधी तुम्ही त्यांना काही विचारलं होतं का? तुमच्या चार पानी पत्रात ‘मी ठरवलं’, ‘मला वाटलं’, ‘मी सुरू केलं’ असं बरंच आहे. ‘तिने सांगितलं’ असं एकदाही नाही. ‘निवृत्तीनंतर सगळं एकत्र’ हे स्वप्नही तुम्ही एकट्यानेच सांभाळलंत असं दिसतं. तुम्ही ‘नंतर’ म्हणत राहिलात आणि त्यांनी कधीतरी, बहुधा बऱ्याच वर्षांपूर्वी, त्या नंतरची वाट न पाहता आपला दिवस आपणच भरायला सुरुवात केली. त्यांनी तसं केलं नसतं, तर आज तुम्ही मला दुसरंच पत्र लिहिलं असतं: बायको दिवसभर माझ्या मागे असते, काय करू?

दुपारच्या त्या ‘काही नाही’बद्दल तुम्ही फार अस्वस्थ आहात. मला विचाराल तर त्यांच्या दिवसातली ती सर्वात मोलाची गोष्ट आहे. सकाळची कामं उरकलीत, संध्याकाळची सुरू व्हायचीत, घरात कुणी काही मागत नाहीये. ते ‘काही नाही’ त्यांनी मुलांच्या शाळा, आजारपणं, येणारेजाणारे यांच्यामधून वाचवून ठेवलेलं आहे. तुम्ही तिथे खुर्ची ओढून बसता आणि वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून दाखवता, असं तुम्हीच लिहिलंय. प्रेमानेच करता. पण खिडकीपाशी बसलेल्या माणसाला बातम्या हव्या असत्या, तर त्याने वर्तमानपत्र घेतलं असतं.

फिरण्याचंही तसंच. मैत्रिणींच्या त्या घोळक्यात त्या कुणाची बायको, कुणाची आई नसतात. शिवाय अशा फिरण्यात घरी आलेल्या नवऱ्यांचा विषय निघतोच निघतो. तुम्ही शेजारून चालत असाल तर तो निघणार कसा? तेव्हा त्या संध्याकाळच्या पाऊण तासावरचा हक्क सोडून द्या, आणि तसं बोलून सोडा: ‘तू तुझ्या वेळेला जात जा, मी येणार नाही.’ अर्धा तास लवकर निघायची गरज आपोआप संपेल. तुमचं चालणं तुम्ही सकाळी ठेवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करायला सांगते. तेवढ्यात तुमचे पाच दिवस रोजचा अर्धा तास सत्कारणी लागतील. चालताना तुम्हालाही कुणी भेटेल. तुमच्या पत्रात मित्राचा उल्लेख एकच आहे, आणि तोही ‘ऑफिसमधला, आता फोन करत नाही’ असा. खरं सांगू? मला पत्नीच्या मौनापेक्षा या वाक्याने जास्त काळजी वाटली. ३६ वर्षांत जी ओळखपाळख झाली ती नोकरीच्या जागेशी बांधलेली होती, जागा सुटली तशी तीही गेली. आता ऑफिसातल्या तीसेक माणसांकडून मिळायचं ते सगळं तुम्ही एका माणसाकडून मागताय. त्यासाठी कुठलंही माणूस अपुरंच पडेल. पुढच्या आठवड्यात त्या मित्राला तुम्हीच फोन करा. त्याची बायकोही कदाचित अर्धा तास लवकर निघत असेल.

मध्येच एक वेगळी गोष्ट. हाक मारल्यावर ओ न देण्याचा अर्थ तुम्ही लगेच ‘राग’ असा लावलात. राग असेलही. पण तुमच्या दोघांच्या वयात आधी कान तपासून घ्यावेत. वाढत्या वयाबरोबर येणारा श्रवणदोष हळूहळू, बहुधा दोन्ही कानांत आणि उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होतो. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, शब्द कळत नाहीत. स, श, फ यांसारखी व्यंजनं निसटतात आणि नुसते स्वर कानापर्यंत पोहोचतात. त्यात नळ वाहत असला, पंखा चालू असला, हाक दुसऱ्या खोलीतून आली, की मग विचारूच नका. साठीच्या पुढे दर चौघांत एकाहून अधिक जणांना अडचण होईल इतका श्रवणदोष असतो, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. ऑडिओमेट्री नावाची साधी, न दुखणारी तपासणी असते. दोघांनी जाऊन करून या. दोघांनी अशासाठी म्हणते, की त्या ओ देत असतील आणि तुम्हालाच ऐकू येत नसेल, हीही शक्यता आहे. तोवर हाका मारण्याऐवजी उठून त्या खोलीत जा आणि समोर उभं राहून बोला.

आता मदतीकडे परत येते, कारण तुमची इच्छा खरी आहे आणि ती वाया जाऊ नये. ‘सांग, काय करू?’ असं तुम्ही रोज विचारता. पण सांगणं हेही कामच असतं. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये घरकामाच्या या न दिसणाऱ्या भागाचे चार टप्पे मांडले. काय लागणार आहे हे आधी ओळखणं, ते कसकसं भागवता येईल ते शोधणं, त्यातलं एक ठरवणं आणि मग ते झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. हात लावायचा भाग यात अजून आलेलाच नाही! तुम्ही भांडी घासता तेव्हा हात तुमचे असतात, पण साबण संपत आलाय, चिकट पातेलं भिजत टाकायला हवं, झाऱ्याचा दांडा ढिला झालाय, हे सगळं अजून त्यांच्याच डोक्यात असतं.

तेव्हा पाच कामांत लुडबुड करण्यापेक्षा एकच काम घ्या आणि अख्खं घ्या. कपडे घ्या समजा. बादलीत किती साठले हे बघण्यापासून ते घड्या कपाटात जाईपर्यंत सगळं तुमचं. कुठला रंग सुटतो, कुठला कपडा उलटा करून वाळवायचा, साबण कधी संपणार, पाऊस येईलसं वाटलं तर दोरीवरचं काय करायचं, ते तुम्ही बघायचं. सुरुवातीला त्यांच्याकडून शिकून घ्या, वही घेऊन शिका हवं तर, तुमच्या स्वभावात ते बसेल. मग महिनाभर त्यांना काही विचारू नका आणि झाल्यावर ‘बघ, केलं’ असं सांगायलाही जाऊ नका. त्या इतकी वर्षं कुणाला सांगायला गेल्या नव्हत्या. एखादा पांढरा शर्ट गुलाबी होईल. तो तुमचाच असू दे म्हणजे झालं.

मी या गोष्टीवर इतका जोर देते यामागचं कारण जरा कठीण आहे, पण तुमच्या वयाच्या माणसापासून ते लपवण्यात अर्थ नाही. दोघांपैकी एकाला कधीतरी हे घर एकट्याने चालवायचं आहे. तुम्हाला चालवावं लागलं तर गॅसचा नॉब कुठे बंद होतो, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठला, डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या कुठल्या पिशवीत, हे माहीत आहे का? आणि त्यांना चालवावं लागलं तर? बँकेतली खाती, विमा, कुठे नॉमिनी कोण, कुठला पासवर्ड कुठे लिहिलाय, यातलं त्यांना काय ठाऊक आहे? तुमच्या पत्रावरून वाटतं की पैशांचे कागद हे तुमचं स्वयंपाकघर आहे. तिथे कुणी येऊन चिठ्ठ्या लावल्या तर तुम्हाला कसं वाटेल, तेही बघता येईल. आठवड्यातून एक तास ठरवा. एका आठवड्यात त्यांनी तुम्हाला घर दाखवायचं, पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांना कागद. वर्षातून एकदा त्यांनी आठ दिवस मुलांकडे किंवा मैत्रिणींबरोबर बाहेर जावं आणि तुम्ही एकट्याने राहून बघावं. फोन करून ‘अमुक कुठे आहे?’ विचारायचं नाही.

सोबत हवी, हे तुमचं दुसरं म्हणणं. सबंध दिवस एका छपराखाली असणं ही सोबत नव्हे. पूर्वी तुम्ही घरी यायचात तेव्हा दोघांकडे एकमेकांना सांगायला काहीतरी असायचं. आता दोघांनी एकच दिवस पाहिलेला असतो, मग सांगणार काय? रोज निदान दोन तास घराबाहेर राहा. वाचनालय, एखादा वर्ग, कुणाला शिकवणं, काहीही. आणि त्यांना एक प्रश्न विचारा: ‘दिवसातली कुठली वेळ तुला एकटीला हवी आहे?’ उत्तर ‘बरीच’ असं आलं तर मन खट्टू होऊ देऊ नका. मग दुसरा प्रश्न, ‘माझ्याबरोबर करायला आवडेल असं एखादं काय?’ याचं उत्तर लगेच येणार नाही. त्यांना ते कुणी फारसं विचारलेलं नाही, थोडा वेळ लागेल. तुम्ही मनात योजलेल्या मोठ्या प्रवासाऐवजी उत्तर एखादी अगदी किरकोळ गोष्ट असू शकेल, उदाहरणार्थ रात्री जेवणानंतर गच्चीवर दहा मिनिटं. तेच करा.

घाई करू नका, हे सांगायला माझ्याकडे थोडा आधारही आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या फिलिस मोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असं सांगतो की नुकत्याच निवृत्त झालेल्या स्त्री-पुरुषांमध्ये नवरा-बायकोचे खटके वाढतात आणि दोनेक वर्षं उलटलेल्या जोडप्यांत ते पुन्हा कमी दिसतात. तुमचे सात महिने झालेत. म्हणजे ऐन खडबडीत रस्त्यावर आहात.

हे सदर वाचणाऱ्या पत्नींनाही दोन शब्द. नवरा घरात पाहुण्यासारखा वावरतो अशी तुमची तक्रार असेल, तर त्याला एखादं काम खरोखर सोडून देताय का, तेही तपासा. घडी तुमच्यासारखी झाली नाही म्हणून तो वळल्यावर ती मोडून पुन्हा घालत असाल, तर तो दुसऱ्या दिवशी कशाला येईल? आणि डबे गुपचूप परत लावण्याऐवजी ‘माझ्या स्वयंपाकघराला हात लावण्याआधी मला विचारा’ एवढं एक वाक्य बोलता आलं असतं. बोलायची सवय सुटली असेल तर ती दोघांची सुटली आहे.

तुमच्याबद्दल मात्र एक विचारून ठेवते. झोप लागत नाही, पूर्वी आवडायचं त्यात रस वाटत नाही, आपण कुणालाच नको आहोत असं रोज वाटतं, हे दोन आठवड्यांहून अधिक चाललं असेल तर ते बायकोच्या वागण्यावर ढकलू नका आणि निवृत्तीचं असतंच असंही म्हणू नका. डॉक्टरांना भेटा. यावर चांगले उपचार आहेत. ‘नकोसा झालोय’ हा शब्द तुम्ही पत्रात तीनदा लिहिलाय, म्हणून म्हटलं.

सुरुवात कुठून करायची विचाराल, तर चिठ्ठ्यांपासून. नुसत्या ओढून काढू नका, अर्धा कागद डब्याला तसाच राहतो. कोमट पाण्यात फडकं भिजवून पाच मिनिटं त्यावर ठेवा आणि मग नखाने कडेपासून सोडवा. चिकटपणा राहिला तर थोडं तेल चोळून पुसून घ्या. डबे मात्र जिथे आहेत तिथेच ठेवा. हे करत असताना त्या स्वयंपाकघरात येतील आणि विचारतील, ‘काय करताय?’

‘काही नाही’ म्हणा.